पडला तर कोण येणार?

भंडारा जिल्ह्यातल्या वरठीपासून अरबी समुद्र रेल्वेने सुमारे ९०० किलोमीटर दूर आहे. तरी इथल्या माणसाचा समुद्राशी संबंध येतोच. दुपारी मुंबईच्या गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं, नातेवाइकाकडे आंघोळ-चहा आटोपून गेटवे गाठायचं आणि घारापुरीची लाँच पकडायची, असा विदर्भातल्या कुटुंबांचा मुंबई दाखवण्याचा ठरलेला क्रम असतो. त्या लाँचवर चढणाऱ्या अनेकांनी त्याआधी कधी हलत्या फळीवर पाय ठेवलेला नसतो. जॅकेटं कुठे ठेवली आहेत, कठडा कुठे संपतो, बोट कलली तर कुठे जायचं, यातलं काहीही त्यांना कोणी सांगत नाही. मुलांना सीगल पक्ष्यांना खाऊ घालायचा असतो, म्हणून ती कठड्यावर वाकलेली असतात.

बोटीवरून माणूस पाण्यात पडणं हा अपघात समुद्रावरच्या लोकांनी शेकडो वर्षं अभ्यासलेला आहे. त्यावर कायदे आहेत, यंत्रं आहेत, कप्तानाने करायच्या हालचालीसुद्धा नावानिशी ठरलेल्या आहेत. प्रश्न असा की हे सगळं ज्ञान किनाऱ्यावरून आत किती आलं? वैनगंगेच्या घाटापर्यंत आलं का? माझं मत आधीच सांगतो. बोटीवरच्या माणसाची सुरक्षा आपल्याकडे मोठ्या दुर्घटनेनंतर, त्या एका धक्क्यापुरती वाढते आणि आतल्या पाण्यापर्यंत पोचता पोचता ती जवळपास संपलेली असते.

जुन्या गोष्टीपासून सुरुवात करू. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ ही आगबोट मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ७०० हून अधिक माणसं तिच्याबरोबर गेली आणि बोटीचा सांगाडाही सापडला नाही. चौकशी झाली तेव्हा पुरेशा जीवरक्षक नौका आणि जॅकेटं तिच्यावर नव्हती हे पुढे आलं. विजेचे दिवे मात्र होते. पुढे ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकण किनाऱ्यावरच्या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

मग ‘रामदास’. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्येचा सण. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ही बोट किनाऱ्यापासून फार लांब गेलेलीच नव्हती. पाऊस आणि वारा वाढला, मोठी लाट आली, बोट एका बाजूला कलली आणि घाबरलेले प्रवासी बाजू बदलण्यासाठी धावले. त्या धावण्याने बोट पुरती आडवी झाली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला पत्ता लागायला कित्येक तास गेले. त्या वेळी वाचवायला आले ते रेवसकडचे मासे घेऊन निघालेले कोळी. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटून त्या जागी माणसं घेतली, असं रायगडातली जुनी मंडळी आजही सांगतात.

‘रामदास’ची गोष्ट मला दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. बोट लाटेने बुडते हे अर्धच खरं. लाट कलवते, उरलेलं काम आतली माणसं हलल्याने होतं. दुसरं म्हणजे पहिली मदत सरकारकडून आली नाही, ज्यांचा रोजचा धंदा त्याच पाण्यावर होता त्यांच्याकडून आली. या दोन्ही गोष्टी पुढच्या जवळजवळ प्रत्येक अपघातात पुन्हा दिसतात.

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. फोटो काढायला मुलं एका बाजूला सरकली, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामाचा शुभारंभ करायला निघालेल्यांची एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली. त्यात एका तरुणाचा जीव गेला. सरकारी कार्यक्रम, पोलीस, प्रसारमाध्यमं, सगळं आजूबाजूला असताना हे घडलं. त्याच्या चारच दिवस आधी मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझच्या उद्घाटनात तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पत्नीने जहाजाच्या पुढच्या टोकाला बसून फोटो काढले होते. खाली आणखी पायऱ्या होत्या, धोका नव्हता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. तो खरा असेलही. पण ते चित्र पाहणाऱ्या हजारोंना खालच्या पायऱ्या दिसल्या नव्हत्या, फक्त टोक दिसलं होतं.

१८ डिसेंबर २०२४ ची ‘नीलकमल’ तर ताजीच आहे. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी करत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जण मृत्युमुखी पडले. ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी आणि ६ खलाशी नेण्याची परवानगी होती, प्रत्यक्षात माणसं शंभराच्या वर होती. चूक नौदलाच्या बोटीकडून झाली यात शंका नाही. पण धडक झाल्यावर कोण जगणार आणि कोण नाही, हे बोटीवर किती माणसं होती आणि त्यांच्या अंगावर काय होतं यावर ठरलं. वाचलेल्या अनेकांनी सांगितलं की जॅकेटं अंगावर नव्हती. नौदल, तटरक्षक दल, बंदरातल्या बोटी धावून आल्या म्हणून आकडा १५ वर थांबला. दुसऱ्याच दिवसापासून गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला जॅकेट सक्तीचं झालं. हा नियम आदल्या दिवशी का नव्हता, याचं उत्तर कुठल्याही चौकशीत येत नाही.

जॅकेट म्हणजे जादू नाही हेही सांगितलं पाहिजे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते, १८६ वाचले. वाचलेल्यांतले कितीतरी जण तासन्‌तास जॅकेटवर तरंगत होते. गेलेल्यांतल्या कित्येकांच्या अंगावरही जॅकेट होतंच. जॅकेट वेळ विकत घेऊन देतं. त्या वेळात कोणी आलं नाही तर त्याचा उपयोग संपतो.

इथे थोडं थांबून माणूस पाण्यात पडतो तेव्हा काय होतं ते पाहू. चित्रपटात बुडणारा हात वर करून ओरडतो. खऱ्या बुडण्यात तसं सहसा होत नाही. तोंड पाण्याच्या वर आलं की श्वास घ्यायचा की ओरडायचं, असा प्रश्न शरीरासमोर असतो आणि शरीर श्वास निवडतं. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबायला लागतात, ते हलवून बोलावता येत नाही. पोहता न येणारा माणूस अशा अवस्थेत वीस ते साठ सेकंद टिकतो. बाजूच्या होडीतल्या माणसाला तो पाण्यात खेळतोय असं वाटू शकतं. पाण्याखाली गेल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. सुरक्षेची सगळी यंत्रणा याच सेकंद-मिनिटांच्या हिशेबावर उभी असते.

मोठ्या जहाजावर हा हिशेब फार क्रूर असतो. २० नॉट वेगाने जाणारं जहाज एका मिनिटात सहाशे मीटर पुढे जातं. सहाशे मीटरवरून लाटांतलं एक डोकं दिसत नाही. म्हणून माणूस पडताना पाहणाऱ्याचं पहिलं काम ओरडणं, दुसरं काम हाती लागेल ती तरंगणारी वस्तू फेकणं आणि तिसरं, सगळ्यात अवघड काम म्हणजे नजर न हटवता हाताचं बोट त्याच्याकडे रोखून उभं राहणं. एक सेकंद मान वळवली की जागा हरवते. इकडे कप्तान सुकाणू पडलेल्याच्या बाजूला पूर्ण वळवतो आणि जहाज सुमारे साठ अंश फिरलं की उलट बाजूला पूर्ण वळवतो. त्यामुळे जहाज आल्या वाटेवरच उलट तोंडाने परत येतं. याला विल्यमसन वळण म्हणतात आणि खलाशीविद्येच्या प्रत्येक पुस्तकात ते असतं. एवढं असूनही क्रूझवरून पडलेले बहुतेक लोक जिवंत सापडत नाहीत, कारण ते पडताना कोणी पाहिलेलंच नसतं. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून क्रूझ जहाजांचे कठडे किमान ४२ इंच उंच असावेत असं ठरवलं आणि पडणाऱ्याला टिपणारी यंत्रणा उपलब्ध असेल तिथे बसवायला सांगितलं. ‘उपलब्ध असेल तिथे’ या तीन शब्दांत कंपन्यांना बरीच मोकळी जागा मिळाली.

आता आपल्या पाण्याकडे येऊ.

भंडारा जिल्ह्यात पाणी सगळीकडे आहे. मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, गावोगावच्या बोड्या आहेत, वैनगंगा आहे आणि गोसीखुर्दच्या धरणाने तिचा फुगवटा आता भंडारा शहरापर्यंत आणून ठेवला आहे. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी त्या धरणाची पायाभरणी केली तेव्हा वाहती नदी होती. आता अनेक ठिकाणी ते रुंद, खोल, संथ दिसणारं पाणी आहे. जिथे पूर्वी उन्हाळ्यात पायी नदी ओलांडता यायची, तिथे डोंग्याशिवाय इलाज नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटून भंडाऱ्यात पूर आला, तेव्हा शहराच्या वस्त्यांतही होड्या फिरवाव्या लागल्या.

डोंग्याचा मुख्य धोका त्याच्या काठात असतो. रिकामा डोंगा पाण्यावर वीतभर वर दिसतो, माणसं चढली की तो काठ चार बोटांवर येतो. वारा आला किंवा बाजूने मोटरबोट गेली की तेवढी लाट आत घुसायला पुरते. आत आलेलं पाणी डोंग्याच्या तळाशी इकडून तिकडे सरकतं आणि कलला त्या बाजूलाच जाऊन बसतं. मग उठून उभं राहणाऱ्या एका माणसामुळे सगळे पाण्यात जातात. यात आणखी एक गोष्ट आहे जी समुद्राच्या पुस्तकांत असते पण घाटावर कोणाला ठाऊक नसते. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. साठ किलोच्या माणसाला समुद्र त्यामुळे सुमारे दीड किलो जास्त उचलून धरतो. वैनगंगा तेवढंही करत नाही. जहाजांच्या अंगावर म्हणूनच भाराच्या रेषेसोबत गोड्या पाण्यासाठी वेगळी खूण असते. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने जहाजं ओव्हरलोड करून खलाशांना मारणाऱ्या मालकांविरुद्ध संसदेत भांडून १८७६ मध्ये ती भाररेषा सक्तीची केली. दीडशे वर्षं होत आली. आपल्या घाटावरच्या एकाही डोंग्यावर मी अशी रेषा पाहिलेली नाही.

आता वैनगंगेतलीच घटना घ्या. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरच्या मजूर बायका नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा बायका बुडाल्या. या बायका सहलीला निघाल्या नव्हत्या, मजुरीला निघाल्या होत्या. पूल दूर, बस नाही, मजुरी वेळेवर पोचलं तरच. अंगावर लुगडं, थंडीचं गरम कापड, कमरेला खोचलेला डबा. पाण्यात पडल्यावर हे सगळं ओझं होतं. घारापुरीचा प्रवासी जॅकेट नको म्हणू शकतो, कारण ते त्याच्यासमोर असतं. गणपूरच्या बाईला तो निवडीचा प्रश्नच नव्हता.

विदर्भातल्या बाकीच्या घटनाही आठवून पाहा. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची होडी उलटली आणि आठ जण गेले. मोबाइलवर फोटो काढण्याचा नाद चालू होता. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे दशक्रियेसाठी जमलेल्या कुटुंबाची होडी वर्धा नदीत उलटली आणि ११ जण बुडाले. विदर्भाबाहेर, २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्याने उलटली. सात जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहून निघाला, सहा गेले. यातल्या एकाही ठिकाणी समुद्र नव्हता, जहाज नव्हतं, विल्यमसन वळणाची गरज नव्हती. किनारा डोळ्यांना दिसत होता.

कायदा नाही असं नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये उत्तर भारताचा फेरी कायदा केला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो इथल्या घाटांनाही लागू झाला. नावेत किती माणसं, किती जनावरं घ्यायची याचे नियम करण्याची सोय त्यात होती. स्वतंत्र भारतात १९१७ चा अंतर्देशीय जलवाहतुकीचा कायदा रद्द करून २०२१ मध्ये नवा आला. त्यात यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं, विमा, सगळं आहे. बिनयांत्रिक होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची वाटही त्यात ठेवली आहे. म्हणजे ग्रामपंचायतीला हे काम देता येतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. समुद्रकिनाऱ्यासाठी १९९६ पासून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आहे, त्याचे परवाने आहेत, तपासनीस आहेत. कमी असतील, पण आहेत. घाटावर मात्र कोण आहे? तलाठी महसुलाचा, पोलीस पाटील कायदा-सुव्यवस्थेचा, पाटबंधारे खातं धरणाचं, मत्स्यव्यवसाय खातं मासळीचं. डोंग्यात बसलेली माणसं या सगळ्या खात्यांच्या हद्दीत आहेत आणि कोणाच्याच कामात नाहीत.

आकडेवारीही याच दिशेने बोट दाखवते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू मोजतो. देशात वर्षाला सुमारे ३८,००० माणसं बुडून मरतात, असं अलीकडच्या अहवालांत दिसतं. त्यातला फार मोठा भाग ‘अपघाताने पाण्यात पडणं’ या रकान्यात असतो. बोट उलटून मेलेले त्यापुढे अगदी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली आणि त्यातली ९२ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. बातमी होते ती क्रूझवरून पडलेल्या एखाद्याची. तलावाच्या काठावरून घसरलेल्या पोराची बातमी जिल्हा पानावर चार ओळींत येते.

मदतीचं गणित तर सरळ आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला आहे. नागपूरहून भंडाऱ्याला यायलाच तासाच्या वर लागतो, पुढे घाट. बुडणाऱ्याकडे चार मिनिटं आहेत. त्या चार मिनिटांत पोचू शकतो तो फक्त तिथला ढिवर, म्हणजे मासेमार. पाणी कुठे खोल, भोवरा कुठे, गाळ कुठे, हे त्यालाच माहीत असतं. बुडालेल्याचा देह शोधायचा असला की पोलीसही त्याच्याच दारात येतात. पण त्याच्याकडे ना दोरीची पिशवी, ना फेकायची रिंग, ना त्या कामाचा कुठे हिशेब. त्याला घाटाचा मान्य जीवरक्षक म्हणून नेमावं, वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं, पावसाळ्याचे चार महिने मानधन द्यावं, हा खर्च एका पंचतारांकित जलपर्यटन प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या मांडवाएवढाही होणार नाही. गोसीखुर्दच्या पाण्यात जलपर्यटन आणण्याच्या घोषणा झाल्याच आहेत. तिथे वेगवान बोटी फिरू लागल्या की त्यांच्या लाटा चार बोटं काठ असलेल्या डोंग्यांनाच आधी लागतील. ‘नीलकमल’मध्ये दोन बोटी एकाच पाण्यात होत्या, एक वेगाची आणि एक माणसांची. त्या पाण्यात वेगाचा मार्ग वेगळा आखलेला नव्हता. गोसीखुर्दमध्ये तो आधी आखावा लागेल.

घरगुती पातळीवर काय करता येतं, तेही सांगायला हवं. पडलेल्याला वाचवायला थेट उडी मारू नका. बुडणारा मानेला मिठी मारतो आणि दोघं जातात. आधी काठी, दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन, फुगवलेली ट्यूब, काहीही फेका. पाच लिटरचा रिकामा कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरला तर जवळपास पाच किलोची उचल देतो. माणसाचं डोकं साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. पडलेल्याला परत डोंग्यात घेताना बाजूने ओढू नका, डोंगा कलून उरलेलेही पडतात. पुढच्या किंवा मागच्या टोकाकडून घ्या. काही नावाडी दोन डोंगे लाकडाने जोडून चालवतात. तशी जोडी एकट्या डोंग्यापेक्षा कितीतरी कमी कलते. आणि जॅकेट घ्यायचंच असेल तर लहान मुलाला मोठ्याचं घालू नका. पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो बांधला नाही तर जॅकेट असून नसल्यासारखं.

वरठीत सनफ्लॅगसारखा पोलाद कारखाना आहे. तिथे गेटमधून आत जाताना हेल्मेट आणि सुरक्षेचे बूट लागतात, कारण कायद्यात तसं लिहिलं आहे आणि तपासायला निरीक्षक येतो. नदीच्या घाटावर तपासायला कोण येईल, हे येत्या रोवणीच्या आधी ठरलं पाहिजे. पावसाने नदी भरते तेव्हाच बायका धान रोवायला पलीकडे जातात. ग्रामपंचायतीने एका सकाळी आपल्या हद्दीतले डोंगे मोजावेत, नावाड्यासोबत बसून प्रत्येकात किती माणसं सुरक्षित बसतात ते ठरवावं आणि तेवढी माणसं बसल्यावर पाणी जिथे टेकेल त्याच्या वर पांढऱ्या रंगाची एक रेषा ओढावी. रेषा पाण्याखाली गेली की नावाड्याने वल्हं उचलायचं नाही, आणि त्याने नकार दिला म्हणून त्याची मजुरी कोणी कापायची नाही.